ब्रेक जपणारा नवशा

निजामपुऱ्यात आमच्या बोळात सुताची वखार माडीवर होती असं आता कोणाला सांगितलं, तर लोक हसतात. म्हणतात, बाई, वखार कधी माडीवर असते का? वखारी तिकडे काल्हेरला, रस्त्याला लागून, ट्रक थेट आत. असतील. मी बघायला गेले नाही आणि जाणारही नाही. आमच्या बोळात पावसाळ्यात भिंतींना खालून ओल चढायची, ओल लागलेलं सूत कोणी घेत नाही, म्हणून वखारीचा मालक हरीशेठ याने सूत वर ठेवलं होतं. यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

वखार आणि आमचं बिऱ्हाड समोरासमोर. मधला बोळ इतका अरुंद की समोरून कोणी मीठ मागितलं तर खिडकीतून वाकून हातात देता यावं. मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी तांदूळ निवडायला घेतले की मी खिडकीत. आमचे हे, म्हणजे अवधूत, त्याच वखारीत कारकून. घरात नवरा नसला तरी समोर त्यांचं टक्कल दिसायचं, तेवढा आधार पुरे होता.

पण मी सांगणार आहे ती गोष्ट यांची नाही, नवशाची आहे.

वखारीच्या माडीला बोळाच्या अंगाला एक मोठं दार होतं. दाराबाहेर फळ्यांचा सज्जा, आणि त्याच्यावर लोखंडी तुळई. तुळईवरून लोखंडी दोर खाली लोंबायचा. आतल्या बाजूला विजेची मोटार आणि तिला दातेरी चाकांनी जोडलेला ड्रम. ड्रमवर दोर गुंडाळला की सुताची गासडी वर, उलगडला की खाली. याला सगळे यारी म्हणत. यारी चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला स्विच आणि उजव्या हाताला ब्रेकची लांब दांडी. दांडी दाबली की ड्रमभोवतीचा पट्टा आवळायचा आणि ड्रम जागच्या जागी थांबायचा. ही यारी नवशाच्या ताब्यात होती.

नवशा शहापूरकडच्या गावचा. काळा, काटकुळा, दाढी आठवड्याने करणारा. बोलायचा इतकं कमी की पहिलं वर्षभर मी त्याला मुका समजत होते. त्याची बायको काशी मात्र दोघांचं मिळून बोलायची. ती खाली बोळात उभी असायची. गासडी खाली आली की तिला दोन्ही हातांनी सावरायची, गरगर फिरू न देता हातगाडीवर बसवायची आणि आकडा सोडवायचा, हे तिचं काम. दोघं रोज सकाळी कामतघरच्या चाळीतून चालत यायची. ती पुढे बडबडत, तो मागे ऐकत.

गंमत अशी होती की काम जोडीचं, पण दोघं एकमेकांना दिसायची नाहीत. मधे सज्जा. त्याला खालची काशी दिसायची नाही, तिला वरचा नवशा दिसायचा नाही. तिच्या हातात हमालाचा लोखंडी आकडा असायचा. तो भिंतीवरच्या पाण्याच्या नळकांड्यावर एकदा वाजवला की 'सोड', दोनदा वाजवला की 'थांब'. दिवसभर आमच्या बोळात हे टण्‌टण् चालायचं. पाहुणे वैतागायचे. मला त्या आवाजाशिवाय दुपार झाल्यासारखी वाटायची नाही. दोघांना एकदम बघू शकणारी अख्ख्या बोळात मी एकटी होते, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचं भारी अप्रूप होतं.

नवशाची एक रीत होती. गासडी उतरवताना तो मोटार कधी बंद करायचा नाही. स्विच 'खाली'वर टाकायचा, मोटार हुं करून सुरू व्हायची आणि गासडी एका चालीने उतरायची, ना जास्त ना कमी. घरात म्हातारं माणूस जिना उतरतं तशी. ब्रेकची दांडी हातात असायची, पण नुसती. गासडी थांबली की मगच तो ती दाबायचा. मी एकदा सहज विचारलं, "का रे, उतरताना ब्रेक नाही लावत?"

तो म्हणाला, "बाई, थांबलेल्याला धराया ब्रेक. उतरनाऱ्याला आवराया मोटार."

तरुणपणी तो मुंबईला गोदीत कामाला होता. तिथल्या यारीवाल्याने त्याला हे शिकवलं होतं. आणि तिथेच त्याने उतरत्या ओझ्याला ब्रेक घासून घासून पट्टा जळताना आणि ओझं सुटताना पाहिलं होतं. खाली कोण होतं ते त्याने मला सांगितलं नाही. काशीला सांगितलं होतं, पण इतकी बोलकी बाई, तिनेही त्यावर कधी ब्र काढला नाही.

मग बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं आली. धरणं आटली, विजेची कपात सुरू झाली. यंत्रमागांच्या, आमच्या भाषेत लूमच्या, गल्ल्या एकाएकी गप्प व्हायच्या आणि ती शांतता कानाला टोचायची. वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि आहे तेवढीही मोजूनमापून. हरीशेठचे मागच्या बाजूला लूम होते, तेही वखारीच्याच मीटरवर. इथे वाचलेली वीज तिथे कापड विणणार. माणूस वाईट नव्हता, पण काटकसरीचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की उतरायचं नाही.

एके दिवशी तो सज्ज्यात येऊन उभा राहिला आणि नवशाला म्हणाला, "वर न्यायला वीज लागते, कबूल. खाली यायला कशाला लागते रे? जड वस्तू आपली आपण पडते. मोटार बंद कर आणि ब्रेकवर सोड."

आता खरं सांगा, यात कोणाला काय चूक दिसेल? यांना पटलं. मलाही पटलं. बोळातल्या झाडून सगळ्यांना पटलं. उतरणाऱ्या गासडीला वीज जाळायची म्हणजे उतारावर बैलांना चाबूक मारण्यासारखंच की.

नवशा म्हणाला, "शेठ, ब्रेकवर मी उतरवनार न्हाय."

"का?"

"पट्टा झिजंल. ज्या दिवशी वीज जाईल त्या दिवशी काय धरंल मंग? खाली माझी बायको उभी हाय."

"अरे, मोटारच बंद असली तर वीज गेली काय, राहिली काय, सारखंच."

शेठला वाटलं आपण त्याला बोलण्यात पकडलं. नवशाने फक्त मान हलवली, आणि ती मान 'नाही'ची होती. नोकराने सगळ्यांदेखत मान हलवावी हे शेठला झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून यारीवर वखारीतलाच महादू आला आणि नवशा आत गासड्या लोटायला गेला.

महादू दणकट गडी, मनाचा निर्मळ. सांगितलं तसं तो करायचा. मोटार बंद, दांडी दाबून ढिली करायची, गासडी घसरली की पुन्हा दाबायची. गासडी धक्के खात उतरायची. काशीचे हात तिच्या तालाला सरावलेले होते, त्यांना काही अंदाजच लागेना. आठवडाभरात बोळात जळक्या चपलेसारखा वास यायला लागला. मी खिडकी लावून घ्यायची आणि मग राहवायचं नाही म्हणून परत उघडायची.

नवशाची अवस्था मला बघवत नव्हती. गासडी खाली जायला लागली की तो आत हातातलं काम टाकून दाराच्या चौकटीला धरून उभा राहायचा. खालून नळकांडं वाजलं की मग श्वास सोडायचा. पुन्हा काम. पुन्हा गासडी, पुन्हा चौकट. दिवसभर त्या माणसाचा जीव टांगणीला.

त्याने काशीला सांगितलं, तू हे काम सोड. ती माझ्याकडे ताक प्यायला आली तेव्हा मीही तेच सांगितलं, जरा आवाज चढवूनच. ती म्हणाली, "मी सोडलं तं दुसरी कोन तरी उभी ऱ्हाईल न्हवं बाई? गासडी काय मानूस बघून पडतेय?"

मी तिला आणखी ताक दिलं.

इकडे शेठने यांना कामाला लावलं होतं. रोज संध्याकाळी मीटर बघा आणि किती वीज वाचली ते सांगा. हे स्टूल घेऊन मीटरपाशी जायचे आणि तोंड पाडून घरी यायचे. वीज वाचतच नव्हती. उलट थोडी जास्तच जळत होती. यांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. भित्रे ते आधीपासूनच.

मी म्हटलं, "अहो, आकड्यांत काय डोकं घालता? मीटरमधली ती चकती फिरते ना, ती बघा. महादू उतरवतो तेव्हाही बघा आणि नवशाला एकदा उतरवायला सांगून तेव्हाही बघा."

शेठ कल्याणला गेला होता त्या दिवशी यांनी धाडस केलं. वीज होती, पण कपातीमुळे लूमना त्या दिवशी सक्तीची सुट्टी होती, म्हणजे मीटरवर यारी सोडून दुसरं काही नव्हतं. नवशाने स्विच टाकला, मोटार हुं करायला लागली, दोराला जोडीने बांधलेल्या दोन गासड्या निघाल्या. मीटरची चकती आधी थोडी सरकली, मग मंदावली, मग थांबली. आणि मग उलटी फिरायला लागली.

आमचे हे स्टुलावरून उतरले ते थेट घरी. पाचावर धारण बसली होती. म्हणाले, "सुमती, मीटर उलटं फिरतंय. आता वीजचोरीचा आळ येणार. मला धरून नेतील."

"तुम्हाला कोण नेतंय," मी म्हटलं, "नेलं तरी दुसऱ्या दिवशी परत आणून सोडतील." शेवटी मीच म्हटलं, लपवू नका, शेठला सांगा आणि वीजवाल्यांना बोलवा.

वीजवाल्यांकडून एक तरुण इंजिनीअर आला. त्याने मीटर तपासलं, यारी चालवून बघितली आणि हसायला लागला. आम्हा सगळ्यांना सज्ज्यात उभं करून त्याने समजावलं. म्हणाला, मोटारीला वीज दिली की ती चाक फिरवते. पण गासड्या आपल्या वजनाने तेच चाक मोटारीच्या चालीपेक्षा किंचित जास्त जोरात ओढायला लागल्या, की मोटार त्यांना मागे खेचते, आणि खेचता खेचता स्वतः वीज तयार करून तारेत परत पाठवते. म्हणजे मोटारच ब्रेक झाली आणि वर वीजही मिळाली. ब्रेकच्या पट्ट्यावर उतरवलं की तोच सगळा जोर पट्टा जाळण्यात जातो. तो जळका वास म्हणजे तुमची वीजच, असं तो म्हणाला.

नवशाने विचारलं, "मंग ती परत गेलेली वीज जाते कुठं?"

"जाते तारेतून. कोणाच्या तरी घरी दिवा लागतो."

नवशा कानापर्यंत हसला. त्याला मी तसं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. त्यांच्या चाळीत नुकतीच वीज आली होती, एका खोलीला एक दिवा. तेव्हापासून काशी दिवा लावताना म्हणायची, हा आमच्या गासडीचा. कोणी काहीही म्हणो, तिचा त्यावर विश्वास बसला तो बसलाच.

आणि शेठ? त्याने तर वखार डोक्यावर घेतली. येणाऱ्या-जाणाऱ्याला स्टुलावर चढवून उलटी चकती दाखवायला लागला. पुढे त्याच्या डोक्यातून निघालं की हमालांनी गासड्या जिन्याने पाठीवरून वर न्याव्यात आणि यारीने फक्त खाली उतरवाव्यात, म्हणजे नुसती वीजच वीज. खालून काशी ओरडली, "शेठ, एक गासडी तुमी न्या आधी, मंग बघू." हमाल हसून हसून पायरीवर बसले आणि तो बेत तिथेच बारगळला.

नवशाला यारी परत मिळाली. आम्हाला वाटलं संपलं सगळं. पण सकाळी त्याने ड्रमचा पट्टा उघडून बघितला आणि स्विचला हातच लावला नाही. पट्टा झिजून कागदासारखा झाला होता, काही ठिकाणी आतलं लोखंड दिसत होतं. तो म्हणाला, नवा पट्टा बसल्याबिगर गासडी सुटनार न्हाय.

शेठ चकित. "अरे, आता तर तुझ्या मनासारखं मोटारीवर उतरवायचं ना? मग ब्रेक लागतो कशाला? तो तर तू वापरतच नाहीस."

"वापरत न्हाय म्हनूनच पायजे," नवशा म्हणाला. "मोटार करंटच्या जिवावर धरते. करंट गेला की ती मेली. मंग हा एकच हाय."

बोळाच्या तोंडाशी ट्रक उभे, बोळ हातगाड्यांनी तुंबलेला, ड्रायव्हर हिंदीतून शिव्या घालताहेत, आणि हा सज्ज्यात मांडी घालून बसलेला. शेठने आवाज चढवला, मग उतरवला. शेवटी यांनीच पदर पसरावा तसे हात पसरून शेठची समजूत घातली आणि स्वतः आग्रा रोडवरच्या ट्रकच्या सामानाच्या दुकानात गेले. लॉरीच्या ब्रेकचं अस्तर आणलं. नवशाने ते कापून, रिबिटा मारून पट्ट्यावर बसवलं. संध्याकाळी त्याने एका गासडीने परीक्षा घेतली. मधेच स्विच बंद केला आणि दांडी दाबली. गासडी जिथल्या तिथे. मगच तो घरी गेला. आमच्या यांनी आयुष्यात केलेलं सर्वांत मोठं शौर्य म्हणजे ते अस्तर आणणं, असं मी त्यांना शेवटपर्यंत चिडवत आले.

त्यानंतर काही महिने गेले असतील. कपात सुरूच होती, पण दुपारी सहसा वीज जात नसे. मी खिडकीत तांदूळ निवडत होते. खाली हातगाडी भिंतीच्या अगदी जवळ लागली होती, कारण मागून एक तीनचाकी टेम्पो आडवा घुसला होता. काशी हातगाडी आणि भिंत यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उभी. बाहेर यायचं तर एकच वाट, हातगाडीच्या दांड्यांखालून वाकून, म्हणजे नेमकी गासड्यांच्या खालून. वरून दोन गासड्या मोटारीवर येत होत्या. त्या तिच्या डोक्यापासून दोन-तीन हात वर आल्या असतील.

आणि मोटारीची घरघर बंद पडली.

आजूबाजूच्या गल्ल्यांतले लूम एकदम गप्प झाले. गासड्या सुटल्या. मी डोळे मिटून घ्यायला हवे होते, पण मिटले नाहीत. मी वर नवशाला बघितलं, त्याचं अख्खं अंग दांडीवर पडलेलं. खाली काशीने दोन्ही हात वर केले होते, जणू ती तेवढं वजन हातांवर झेलणार होती. गासड्या तिच्या बोटांना टेकल्या आणि थांबल्या. जळका वास नाही, धक्का नाही. थांबल्या.

ताट हातातून पडलं होतं, तांदूळ बोळात.

काशी वर बघत नव्हती. बघून दिसलं तरी काय असतं, सज्जाच ना? तिने आकडा नळकांड्यावर वाजवायला उचलला, पण वाजवला नाही. तोंडानेच विचारलं, "धरलंय का?"

वरून आवाज आला, "धरलंय. ये भायर."

आणि ती वाकली. जराही न थांबता, मान वर न करता, त्या दोन गासड्यांच्या बरोबर खालून, हातगाडीच्या दांड्यांमधून, पदर आवरत सरपटत बाहेर आली. बाहेर येऊन तिने नळकांडं एकदा वाजवलं. म्हणजे 'सोड'. पण नवशाने सोडलं नाही. टेम्पो मागे गेला, हातगाडी सरकली, माणसं लांब झाली, महादूने धावत जाऊन दांडी दोरखंडाने बांधली, तरी तो दांडीवर तसाच पडून होता. यांनी त्याची बोटं एकेक करून सोडवली. मग तो खाली आला. काशी त्याला म्हणाली, "चला आता, च्या पिऊ." दोघं नाक्यावर चहा प्यायला गेली. त्या दिवशी तो पुढे होता आणि ती मागे, आणि ती बोलत नव्हती.

मी खिडकीत बसून रडले. मला त्याची लाज वाटत नाही.

पुढे वखार हलली, यारी भंगारात गेली, हरीशेठ गेला, आमचे हेही गेले. आता बोळात गासड्या येत नाहीत. दुपार कधी होते आणि संध्याकाळ कधी, कळतच नाही.

मागच्या दिवाळीच्या आधी मी काशीला बघायला कामतघरला गेले होते. तिचं एक अंग लुळं पडलं आहे. चाळ तीच, जिना तोच, अरुंद आणि उभा. तिला दवाखान्यात न्यायचं होतं. शेजारचे चार तरुण गडी आले होते, खुर्चीत बसवून उचलतो म्हणाले. नवशा नव्वदीकडे झुकलेला, हात थरथरतात. तरी खुर्चीची मागची बाजू त्याने कोणाला धरू दिली नाही. गडी माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "तुम्ही पुढून धरा. मागचं त्याच्याकडे राहू दे." मग त्यातल्याच एकाने नवशाच्या हातांखाली आपलेही हात लावले.

खुर्ची जिन्यावर कलली. काशीची पाठ त्याच्याकडे, तो तिला दिसत नव्हता. तिला आता नीट बोलता येत नाही. शब्द अर्धेच येतात. पण तिने विचारलं ते मला कळलं.

नवशा म्हणाला, "धरलंय."

तिने डोळे मिटले आणि त्यांनी तिला खाली उतरवलं.